एक्क्याण्णव कुणी सांगितलं?

तास संपायला दहा मिनिटं उरली की ते यायचे. दारात उभे राहायचे. घसा खाकरायचे. मग म्हणायचे, "चालू द्या, बाई, चालू द्या."

आणि चालू द्यायचे नाहीत.

त्या दिवशी सातवी अ मध्ये मी मूळ संख्या शिकवत होते. फळ्यावर ९१ लिहिलं होतं, खाली ७ × १३. पोरांनी खिशातून आणलेले चिंचोके जमिनीवर मांडले होते. सात ओळी, एकेका ओळीत तेरा. एकही चिंचोका उरत नाही, म्हणजे ९१ सातच्या पटीत येते, म्हणजे ती मूळ संख्या नव्हे. पोरं खूश होती. मीही होते.

सुपरवायझर सर आत आले. चिंचोक्यांच्या ओळींमधून चालत फळ्यापाशी गेले, दोन ओळी त्यांच्या चपलेनं विस्कटल्या. डस्टर उचललं. माझं सगळं पुसलं. माझ्या हातात खडू होता, टेबलावर डब्यात खडू होते. त्यांनी स्वतःच्या खिशातून खडू काढला आणि पुसलेल्या जागीच लिहिलं, ९१ = ७ × १३.

तेच. काना नाही, मात्रा नाही, काही बदललं नाही. अक्षर तेवढं त्यांचं.

"म्हणून ९१ ही मूळ संख्या नाही," ते म्हणाले. "संयुक्त संख्या आहे. घ्या लिहून."

वर्गभर शाईपेनांची टोपणं उघडल्याचा आवाज झाला. अर्धा तास घसा फोडून मी तेच सांगत होते, तेव्हा सगळी पेनं बंद होती. पोरांचा दोष नव्हता. त्यांना जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. बाई शिकवतील ते ऐका, लिहायचं ते सर सांगतील तेव्हा.

मी खिडकीजवळ उभी होते. माझ्याच वर्गात. हातातल्या खडूचं काय करावं ते कळत नव्हतं. ठेवून द्यावा तर हार मानल्यासारखं, धरून ठेवावा तर येड्यासारखं.

जाताना ते माझ्याकडं बघून हसले. "छान शिकवता हो तुम्ही. मी फक्त पक्कं करून घेतो."

पक्कं करणं. शाळेत हा शब्द रुळला होता. एकदा शिपाई दारात येऊन मला म्हणाला, "बाई, सर मिटिंगला गेल्यात. आज तुमचं कच्चंच ऱ्हातंय बघा." त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाणी आलं नाही, घंटा बिघडली, तसंच हे.

मी बौद्ध. कागलकडच्या एका खेड्यातली. आम्ही धर्म बदलला, पण गावाच्या तोंडातला जुना शब्द बदलला नाही, तो महारच राहिला. बा गाव सोडून कोल्हापुरात आला आणि शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाली करू लागला. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. बाची पाठ गेलेली, घर माझ्यावर आलेलं. अशात या शाळेत राखीव जागेवर मला घेतलं. दोन वर्षं बघायचं, मग कायम करायचं, असा करार.

मुलाखतीच्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "हे बघा बाई, आपलं कोल्हापूर हाय हे. हितं जातबीत कोण इचारत न्हाय. अगदी निर्धास्त ऱ्हावा."

मी काही विचारलंच नव्हतं. माझे कान तिथंच टवकारले.

तेव्हापासून मी बघत राहिले. शिक्षकांच्या खोलीत चहा यायचा, निळ्या काठाचे पांढरे कप. त्यातल्या एका कपाचा कान उडालेला. मला वाटलं, हाच तो, हाच माझ्या वाट्याला येणार. मी कितीतरी दिवस त्या कपावर डोळा ठेवला. तो माझ्याकडं आला, चित्रकलेच्या सरांकडं गेला, एकदा तर खुद्द हेडमास्तरांनी त्यातनं चहा प्यायला. माझी मलाच लाज वाटली. माणसं चांगली आहेत, तुझंच मन काळं आहे, असं मी स्वतःला बजावलं.

रविवारी घरी बाला सांगितलं. "बा, कपात काय न्हाय."

बा पाठीखाली वाकळ घेऊन पडला होता. छताकडं बघत म्हणाला, "मग दुसरीकडं बघ."

मला राग आला होता त्याचा. जन्मभर ओझी वाहून याला सगळीकडं ओझंच दिसतं, असं वाटलं. शिकलेल्या पोरीला शिकलेली माणसं कळतात, असा मला तेव्हा भरवसा होता.

पक्कं करणं सुरू झालं तेव्हा मी त्याला कारणं शोधली. नवी आहे म्हणून असेल. बाई माणूस आणि गणित, म्हणून असेल. सातवीला शिष्यवृत्तीची परीक्षा असते, काळजीपोटी करत असतील. वयानं मोठे आहेत, सवय असेल. रोज एक नवं कारण घेऊन मी शाळेत जायचे आणि रोज दहा मिनिटं आधी ते कारण फळ्यावरनं पुसलं जायचं. शिकवता शिकवता माझे कान दाराकडं असायचे. पोरांच्या आधी मला त्यांच्या चपला ऐकू यायच्या. बोलताना वाक्य आखडतं व्हायचं. वाटायचं, मी खरंच चुकतेय का? घरी जाऊन मी पाठ परत काढायची, पुस्तकाशी ताडून बघायची. सहावी-सातवीचं गणित. विभाजक, पटी, मूळ संख्या. बी.एस्सी. झालेली बाई सातवीचं पुस्तक चार चार वेळा वाचत बसायची. माझ्यावर माझाच भरवसा उरला नव्हता.

शेजारच्या भिंतीपलीकडं सातवी ब. तिथले गणिताचे सर माझ्याबरोबरच, त्याच जूनमध्ये लागलेले. शेतकरी घरातला, मोकळा गडी. मोठ्यानं बोलायचा, मोठ्यानं हसायचा, घरच्या शेंगा पिशवीतनं आणून टेबलावर ओतायचा. "घ्या बाई, लाजू नका." मला तो आवडायचा. मग मी त्याच्यावरही नजर ठेवायला लागले. भिंतीला कान लावून नाही, पण जवळजवळ तसंच. सुपरवायझर सरांच्या चपला जिन्यानं वर यायच्या, ब च्या दारावरनं जायच्या आणि माझ्या दारात थांबायच्या. कधी चुकूनही ब पाशी थांबल्या नाहीत.

एकदा चहाच्या वेळी मी ब च्या सरांना विचारलं, "सर, तुमच्याकडं पक्कं करायला येत न्हाईत?"

"माझ्याकडं? ते कशाला?" ते पटकन बोलून गेले. मग कपातल्या चहावर बराच वेळ फुंकर घालत बसले. चहा गरम नव्हता.

मला कळायला पाहिजे होतं. कळलंही. पण कळलेलं मी गिळलं.

एक गोष्ट मात्र कुणाला पुसता आली नाही, ती माझी शिकवायची रीत. मी पोरांना सांगायचे, "आकड्याच्या तोंडाकडं बघून पास करू नका. साळसूद दिसतो म्हणून मूळ म्हणू नका. दोननं बघा, तीननं बघा, पाचनं बघा, सातनं बघा. कुणाच्या पटीत घावतोय का बघा. कुठंच घावला न्हाय, तरच मूळ." पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, चौकशी. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात चिंचोके घेऊन बसायची. "बाई, एक्कावन्नची चौकशी झाली, तीनच्या पटीत घावलं!" सत्तावन्न तसंच निघालं. आणि सगळ्यांत बेरकी एक्क्याण्णव. दोननं जात नाही, तीननं जात नाही, पाचनं जात नाही, वरून बघितलं तर अगदी सरळ. सातनं मात्र पकडलं जातं. शंभराच्या आतली फसवी संख्या सांगायची तर कुठलाही गणिताचा मास्तर एक्क्याण्णवच घेईल. मीही घेतली होती. पोरांना ती फार आवडायची.

मग दुसऱ्या वर्षाची घटक चाचणी आली. दोन्ही तुकड्यांना एकच पेपर, काढला ब च्या सरांनी, ठेवला सुपरवायझर सरांच्या कपाटात. मी तो पाहिला घंटा झाल्यावर, पोरांनी पाहिला तेव्हाच. एक प्रश्न असा होता की पुढील संख्यांतून मूळ संख्या निवडा. ८१, ८३, ८७, ९१.

माझ्या पोरांनी लिहिलं, ८३. सगळ्यांनी.

ब मध्ये सगळ्यांनी लिहिलं, ८३ आणि ९१. कारण त्यांच्या सरांनी वर्गात ९१ मूळ म्हणून सांगितलेली. पेपरासोबतच्या नमुना उत्तरांतही तेच दिलेलं.

शिक्षकांच्या खोलीत मी त्यांच्यासमोर कागद ठेवला. हळूच म्हणाले, "सर, तेरा सत्ते?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आयला! व्हय की! चुकलंच की माझं. समद्या वर्गाला उलटं शिकवून बसलो." आणि खो खो हसले. सगळे हसले. सुपरवायझर सरही हसले. "होतं असं. शेवटी माणूस आहे," ते म्हणाले. प्रश्न रद्द करायचं ठरलं. एवढ्यात विषय मिटला. कुणी म्हणालं नाही की उद्यापासून ब च्या वर्गात जाऊन कुणीतरी पक्कं करायला हवं. कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या आलं.

कागद गोळा करता करता सुपरवायझर सर थांबले. हसू मावळलं होतं.

"पण बाई, तुमच्या वर्गात सगळ्यांना बरोबर कसं आलं?"

"शिकवलं होतं, सर."

"सगळ्यांना? एकही पोर चुकलं नाही? मोठी माणसं चुकतात तिथं तुमची पोरं चुकत नाहीत. नवलच आहे."

ब चे सर शेंगांची फोलपटं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सर दहा मिनिटं आधी आले नाहीत. तासाच्या सुरुवातीलाच आले. मी फळ्यापाशी होते. माझ्याकडं न बघता वर्गाला म्हणाले, "चाचणीतलं एक्क्याण्णवचं उत्तर. कुणी सांगितलं होतं? बाईंनी आधी सांगितलं होतं ना? ज्यांना सांगितलं होतं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. सगळे. अभिमानानं. मागच्या बाकावरची पोरं तर उभी राहिली. पहिल्या बाकावर कापडदुकानवाल्यांची पोरगी बसायची, हुशार, बोलकी. ती म्हणाली, "व्हय सर! बाईंनी आधीच सांगितलं हुतं, एक्क्याण्णव लई फसवतंय म्हणून."

"बसा," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बाई, मधल्या सुट्टीत हेडमास्तरांकडं या."

पोरांचे हात अजून वरच होते. त्यांना वाटत होतं, आपण बाईंची शाबासकी कमावतोय. त्या हातांच्या जंगलात माझ्यावर पेपर फोडल्याचा आळ आला होता, आणि तो माझ्याच पोरांच्या तोंडून वदवून घेतला होता. असं सोज्वळ काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

हेडमास्तरांच्या खोलीत तिघे होते. हेडमास्तर, सुपरवायझर सर आणि ब चे सर. मला खुर्ची दिली. चहा मागवला. माझ्या लक्षात आलं, आज फार गोड चाललंय.

"बाई," हेडमास्तर म्हणाले, "पेपर फुटला असं आमी म्हणत न्हाय. कोण म्हणालंय? पण पालकांत बोभाटा झाला तर शाळंचं नाव जातंय. तवा असं करूया. तुमी आपणहून गणित सोडा. मला झेपत न्हाय म्हणा, बास. शिवण आन् चित्रकला घ्या. उन्हाळ्यात तुमचं कायम करून टाकतो. माझा शब्द."

कायम. बाची पाठ डोळ्यांसमोर आली. कबूल करते, अर्धा मिनिट मी मनात हो म्हणून बसले होते.

मग मी म्हणाले, "पेपर मी पाहिलाच नव्हता. पण एक्क्याण्णव वर्गात घेतलं होतं, हे खरं आहे. त्या दिवशी सुपरवायझर सर आले होते. माझं पुसून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, सात गुणिले तेरा. पोरांनी पेनं उघडली ती त्यांच्या सांगण्यावर. मग पेपर त्यांनी फोडला म्हणायचं का?"

हेडमास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं.

"मला आठवत नाही," सुपरवायझर सर म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. हेच मला सगळ्यांत जास्त लागलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी काय शिकवते ते त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं आणि आपण काय लिहितो ते पाहिलंही नव्हतं. त्यांना माझं बरोबर की चूक याच्याशी देणंघेणं नव्हतं. असतं, तर ते भिंतीपलीकडं गेले असते, चूक तिथं होती. ते फक्त पुसायला येत होते. आणि त्यासाठी मी वर्षभर सातवीचं पुस्तक चार चार वेळा वाचत बसले होते. वर्षभर चौकशी केली ती माझी मीच, त्यांची एकदाही नाही. अंगातनं आग निघाली. खूप दिवसांनी मला माझा आवाज ऐकू आला.

"सर, हे पक्कं करणं सगळ्या शिक्षकांसाठी आहे, का माझ्यापुरतं?"

हेडमास्तरांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"ब तुकडीला चुकीचं शिकवलं, तर तो माणूस. माझ्या पोरांना बरोबर आलं, तर मी चोर. हा नियम सगळ्यांना आहे, का माझ्यापुरता?"

"बाई," हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या मनात संशय लई हाय."

"हाय," मी म्हणाले. त्या खोलीत पहिल्यांदा घरच्या बोलीत. "संशय हाय. म्हणून तर इचारतोय आम्ही. उत्तर द्या."

मी ब च्या सरांकडं वळले. ज्यांनी मला शेंगा दिल्या होत्या, त्या माणसाकडं. "सर, तुम्ही सांगा. तुमच्या वर्गात एकदा तरी कोण आलंय?"

ते पायातल्या चपलेकडं बघत होते. "मला यात कशाला वढताय, बाई," ते म्हणाले.

मी उठले. चहा तसाच होता. म्हणाले, "शिवण शिकवायला मला लाज वाटत नाही. पण 'मला गणित झेपत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा. तुमच्या नावावर काढा, माझ्या नाही."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर सर परत आले, दहा मिनिटं आधी. माणसाला लाजही वाटू नये? मी फळ्यासमोर उभी राहिले, डस्टर हातात धरून. "सर, तास माझा आहे. संपला की या."

"बाई, पोरांसमोर—"

"पोरांसमोरच सांगतेय."

ते दारात उभे राहिले. आत आले नाहीत, गेलेही नाहीत. मी पोरांकडं वळले. "पेनं उघडा. लिहून घ्या." मागच्या बाकावरच्या काहींनी उघडली. बाकीची दाराकडं बघत राहिली, सर काय म्हणतात त्याची वाट बघत. कापडदुकानवाल्यांच्या पोरीनं पेन उघडलं नाही. ती रडवेली झाली होती, पण तिनं पेन उघडलं नाही. मी तिला काही म्हटलं नाही. घंटा होईपर्यंत लिहीत राहिले आणि एक अक्षर पुसू दिलं नाही.

एप्रिलअखेर मला कमी केलं. गरज उरली नाही, असं सांगितलं. गरज नसलेल्या जागेवर जूनमध्ये दुसरे सर आले. ब चे सर कायम झाले. बानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू म्हणालीस का, झेपत न्हाय म्हणून?"

"न्हाय."

"मग ठीक," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. त्या वर्षी आमच्या घरात फार कमी शिजलं. कुणी मदतीला आलं नाही. खोटं कशाला सांगू?

वर्षानं आजऱ्याकडच्या एका शाळेत लागले. पहिल्याच दिवशी तिथले हेडमास्तर हसत म्हणाले, "बाई, आमच्याकडं असलं काय चालत न्हाय बरं का."

"असलं म्हणजे कसलं?" मी विचारलं.

त्यांचं हसू गेलं. ते म्हणाले, "तसं न्हवं, आपलं सहज."

"सहज न्हवं. सांगा की. मी बसलेय."

तेव्हापासून मी असंच वागते. पूर्वी माझा संशय मी घरी घेऊन जायचे, उशाशी घेऊन झोपायचे, त्यानं मलाच पोखरलं. आता तो मी जिथल्या तिथं, चारचौघांत, ज्याच्यावर आहे त्याच्यासमोर ठेवते. जे माझ्याशी केलं ते सगळ्यांशी करता का, एवढंच मोठ्यानं विचारते. लोक मला भांडकुदळ म्हणतात, संशयी म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणी थांबतात. थांबू देत. मला कुणाच्या गप्पांत जागा नको आहे.

मला उत्तर पाहिजे. आणि ते मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही.